ज्यांची जन्मतारीख कोणी लिहिली नाही

आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर वर्षभरात सर्वाधिक गर्दी होते ती फेब्रुवारी महिन्यात. ७ तारखेस माता रमाईंची जयंती, १५ तारखेस संत सेवालाल महाराजांची, १९ तारखेस छत्रपती शिवाजी महाराजांची आणि २३ तारखेस संत गाडगेबाबांची. रमाई कोकणातील वणंदच्या, सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आपल्याच वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला, गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातील शेंडगावचे. वसतिगृहातील मुले या दिवसांत भाषणे पाठ करीत व्हरांड्यात फिरताना दिसतात. बाहेरगावी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना ते दृश्य आठवत असेल.

या यादीत गेली काही वर्षे मी खडूने आणखी दोन नावे लिहीत आले आहे : १२ फेब्रुवारी, अब्राहम लिंकन, १४ फेब्रुवारी, फ्रेडरिक डग्लस. १४ फेब्रुवारी म्हटले की नववीच्या वर्गात दबके हसू उमटते. त्या दिवसाचा जो अर्थ मोबाइलने मुलांपर्यंत पोहोचवला आहे तो मलाही ठाऊक आहे. हसू ओसरले की प्रश्न येतो. तांड्यावरून आलेल्या एका विद्यार्थिनीने तो सरळ विचारला होता : "मॅडम, आपल्याच एवढ्या जयंत्या आहेत. अमेरिकेतल्या माणसाचा वाढदिवस आपण कशाला लिहायचा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका तासिकेत मावत नाही, म्हणून या स्मरणिकेची पाने मागून घेतली आहेत.

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. तिचे नाव हॅरिएट बेली. मूल तान्हे असतानाच तिला बारा मैलांवरच्या दुसऱ्या शेतावर कामास धाडण्यात आले. दिवसभर राबून ती रात्री पायी चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी आणि उजाडण्यापूर्वी निघून जाई. सूर्योदयाला शेतात हजर नसलेल्या गुलामास फटके पडत. अशा भेटी आयुष्यात चार-पाचच झाल्या. मूल सातेक वर्षांचे असताना ती वारली. डग्लस पुढे मालकाच्या नात्यातील एका कुटुंबात बाल्टिमोर शहरी गेले. तेथील मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवण्यास आरंभ केला आणि तिच्या नवऱ्याने ते तात्काळ बंद पाडले. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचा तो संताप ऐकूनच या मुलाला शिक्षणाची किंमत कळली. रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचा तुकडा देऊन, त्या बदल्यात एकेक अक्षर विचारून घेत तो वाचायला शिकला. १८३८ च्या सप्टेंबरात तो गुलामीतून निसटला आणि १८४५ साली त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

त्या आत्मचरित्राच्या अगदी आरंभी डग्लस सांगतात की आपले नेमके वय आपल्याला ठाऊक नाही. गोऱ्या मुलांना आपला वाढदिवस सांगता येतो आणि आपल्याला का येत नाही, हे दुःख त्यांना बालपणापासून होते. मालकाला तसे विचारणे म्हणजे उद्धटपणा. आईने लाडाने आपल्याला 'व्हॅलेंटाइन' म्हटल्याची पुसट आठवण त्यांना होती असे सांगतात. तिच्याच आधारे त्यांनी पुढे १४ फेब्रुवारी हा आपला जन्मदिवस मानला. म्हणजे या थोर पुरुषाची जन्मतारीख कोणी नोंदवून दिलेली नाही. ती त्याने स्वतः निवडलेली आहे.

हे वाचताना माझ्या पिढीच्या वाचकाला १ जून ही तारीख आठवल्यावाचून राहणार नाही. आमच्या काळात खेड्यातील शाळेत पोर नाव घालायला आले की गुरुजी जन्मतारीख विचारीत. आईबाप एकमेकांकडे पाहत. मग गुरुजी पोराकडे एकदा वरून खाली पाहत, पहिलीत बसण्यापुरते वय मागे मोजत आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहीत. त्यांनी तसे केले नसते तर आम्ही शाळेबाहेर राहिलो असतो, म्हणून त्या तारखेबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. माझ्याही दाखल्यावर १ जून १९७१ आहे. माय मात्र वेगळे सांगायची : "दुष्कायाच्या आदल्या साली, सीतादहीच्या दिवसात झाली तू." कपाशीच्या पहिल्या वेच्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आपल्याकडे सीतादही म्हणतात. दुष्काळ १९७२ चा. म्हणजे मी १९७१ च्या पावसाळ्यानंतर केव्हातरी जन्मले. कागद आणि माय यांच्यात चार-पाच महिन्यांचे अंतर आहे. आपल्या राज्यात दर ३१ मे रोजी इतके शिक्षक आणि कर्मचारी एकाच दिवशी सेवानिवृत्त का होतात, याचे कारण त्या १ जूनमध्ये आहे. मीही २०२९ च्या ३१ मे रोजी त्यांच्या रांगेत असेन.

माझ्या वडिलांची गोष्ट याहून निराळी आहे. माझा आजा गावचा कोतवाल होता. वऱ्हाडातील कोतवालकी बहुधा महारांकडे असे, हे वाचकांस ठाऊक आहे. गावात कोणाकडे मूल झाले, कोण वारले, याची वर्दी द्यायची हे त्याचे काम. ती वर्दी वहीत लिहिली जाई, आणि ठरल्या दिवशी आजा ती वही बगलेत मारून ठाण्यावर पायी नेई. साऱ्या गावाच्या जन्माची खबर नेणाऱ्या त्या माणसाला वहीतले एक अक्षर वाचता येत नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका मुलाच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. हा अनुभव येथील बहुतेक पालकांनी घेतलेला आहे. तहसीलच्या अभिलेखातून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. तीत आजाचे नाव होते, त्यापुढे जात होती, 'मुलगा' असा शब्द होता आणि तारीख होती : १७ सप्टेंबर १९४१. मुलाचे नाव नव्हते. नोंद होताना बारसे व्हायचे असे. आजाला मुलगा एकच. शाळेच्या दाखल्यावर बाबांची जन्मतारीख १ जुलै १९४० होती. आम्ही जातीचा पुरावा शोधायला गेलो होतो आणि सत्तरी ओलांडलेल्या बाबांना त्यांचा जन्मदिवस सापडला. त्यांनी ती झेरॉक्स बराच वेळ हातात धरली. मग एवढेच म्हणाले, "म्हणजे मी वर्षानं लहान निघालो."

इतिहासात असे योगायोग दुसरीकडेही घडतात. डिक्सन प्रेस्टन या लेखकाने डग्लस यांच्या बालपणाचा शोध घेतला आणि १९८० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. डग्लस ज्याच्या मालकीचे होते त्या ॲरन अँथनी नावाच्या गृहस्थाच्या वहीत गुलामांच्या जन्मांची यादी होती. तीत हॅरिएटच्या मुलाचा जन्म फेब्रुवारी १८१८ मध्ये नोंदलेला होता. डग्लस आपले जन्मवर्ष १८१७ धरून चालले होते. तेही वर्षाने लहान निघाले. महिना मात्र त्यांनी बरोबर ओळखला होता. परंतु हे ऐकायला ते नव्हते. २० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे निधन झाले होते. ज्याचा जन्म त्याला तो दिवस ठाऊक नव्हता, आणि ज्याच्या ताब्यात तो होता त्याच्या वहीत त्याची नोंद होती.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. वयावर तिची किंमत ठरे, म्हणून वय लिहून ठेवणे मालकाच्या फायद्याचे होते. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना नेमके यावर बोट ठेवले आहे. गुलामाच्या जिवाची काळजी घेण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता. अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. त्याचे श्रम साऱ्या गावाचे होते आणि त्याचे वय कोणाच्याच कामाचे नव्हते. शिवछत्रपतींच्या जन्मतारखेविषयी विद्वानांनी अनेक दशके वाद घातला, पुरावे तपासले, आणि अखेर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख निश्चित केली. ते योग्यच झाले. पण त्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेल्या लक्षावधी माणसांच्या तारखेवर वाद होण्याइतकाही कागद शिल्लक नाही.

मग अशा माणसांनी काय करावे? अमेरिकेच्या फेब्रुवारीला याचे उत्तर आहे, आणि मला त्याचे अप्रूप अशासाठी की ते उत्तर शाळांमधून आले.

डग्लस वारल्यानंतर दोन वर्षांनी, १८९७ साली, वॉशिंग्टन शहराच्या शिक्षण मंडळावरील मेरी चर्च टेरेल या कृष्णवर्णीय शिक्षिकेने तेथील कृष्णवर्णीयांच्या शाळांत १४ फेब्रुवारी हा 'डग्लस दिन' म्हणून पाळण्याची प्रथा सुरू केली. लिंकन यांची जयंती त्याच्या दोन दिवस आधीची. ज्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि १ फेब्रुवारी १८६५ रोजी गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर सही केली, त्या लिंकनचा दिवसही हा समाज पाळतच होता. पुढे कार्टर वुडसन आले. हे गुलामीत जन्मलेल्या आईबापांचे पुत्र. त्यांनी तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केले आणि ऐन विशीत ते हायस्कुलात दाखल झाले. शिक्षक म्हणून राबत त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील डॉक्टरेट मिळवली. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापिली आणि १९२६ च्या फेब्रुवारीत 'निग्रो हिस्टरी वीक' सुरू केला. त्या काळी त्या समाजासाठी हाच शब्द रूढ होता. आठवडा कोणता निवडावा, तर लिंकन आणि डग्लस यांच्या तारखा ज्यात येतात तो. लोक जे दिवस आधीच पाळत होते, त्यांना त्यांनी अभ्यासाची जोड दिली. शिक्षकांसाठी चित्रे, पाठ आणि नाटुकली पाठवली. नुसता उत्सव होऊ नये, वर्षभर शिकलेले त्या आठवड्यात मुलांनी मांडावे, असा त्यांचा आग्रह होता.

वुडसन १९५० साली गेले. १९६९ साली ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आठवड्याचा महिना करावा असा प्रस्ताव मांडला आणि १९७० च्या फेब्रुवारीत तो पाळून दाखवला. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या महिन्याला मान्यता दिली. म्हणजे शाळेत आरंभ, विद्यार्थ्यांकडून विस्तार आणि सर्वांत शेवटी सरकार.

त्याच महिन्यात त्या देशाची एक सरकारी सुट्टीही आहे : पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची जयंती. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा. १९७१ पासून ही सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते. वॉशिंग्टन यांनी देश स्वतंत्र केला हे खरे, आणि त्यांच्या शेतांवर त्यांच्या अखेरच्या वर्षी तीनशेहून अधिक गुलाम राबत होते हेही खरे. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथील गाजलेल्या भाषणात डग्लस यांनी विचारले होते की स्वातंत्र्यदिनाच्या या सोहळ्याशी गुलामाचा काय संबंध? राष्ट्राचा सण आणि त्या राष्ट्रातील शेवटच्या माणसाचे जिणे यांमध्ये जे अंतर असते, ते त्यांनी भर सभेत मोजून दाखवले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा दिला, तो या भाषणाच्या शेजारी ठेवून वाचावा असे मी दहावीच्या मुलांना दरवर्षी सांगते.

आता आपल्याकडे वळू. १९२६ साली अमेरिकेत तो आठवडा सुरू झाला. १९२७ च्या २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली. तेव्हा बाबासाहेबांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. दोन खंडांतील दोन समाज एकमेकांना न विचारता, जवळपास एकाच वेळी, आपले कॅलेंडर आपणच लिहू लागले होते. पंचांगात ज्यांना तिथी नव्हती त्यांनी तारीख निर्माण केली.

या दोन समाजांचे नाते त्याहून जुने आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या काळ्या मातीतून जातो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि सुमारे ४० लाख गुलामांच्या श्रमांवर पोसलेला तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे, विशेषतः वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, कपाशीचा पेरा वाढला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. तिकडे ज्या युद्धाने गुलाम सुटले, त्याच युद्धाने इकडच्या शेतकऱ्याला दूरच्या बाजाराच्या चढउताराला बांधले. त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केली. पुण्यातील माणसाने शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचे पुस्तक मेरीलँडच्या आणि व्हर्जिनियाच्या शेतांकडे पाहून अर्पण करावे, हा आपल्या इतिहासातील फार मोठा क्षण आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. डु बॉइस यांनी आस्थेने उत्तर पाठवले. डु बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा. आपल्या गाडगेबाबांचाही २३ फेब्रुवारीच, फक्त आठ वर्षांनी नंतरचा.

आणखी एक फेब्रुवारी सांगते. १० फेब्रुवारी १९५९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग दिल्लीस उतरले आणि सुमारे महिनाभर भारतात फिरले. केरळात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत, जेथे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांची मुले शिकत, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेहून आलेला आपल्यातलाच एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग यांनी ही आठवण १९६५ साली आपल्या चर्चमधील प्रवचनात सांगितली. प्रथम त्यांना तो शब्द बोचला. नंतर आपल्या देशातील कोंदट वस्त्यांत राहणारे कोट्यवधी बांधव त्यांच्या डोळ्यांसमोर आले, आणि त्यांनी मनाशी मान्य केले की होय, मी अस्पृश्यच आहे. त्या मुख्याध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्या क्षणी केवढा मोठा इतिहास शिकवला! आपले दुःख आपल्या गावकुसापुरते नाही आणि म्हणून आपली लढाईही एकट्याची नाही, हे त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

तांड्यावरच्या त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगते. डग्लसचे नाव सेवालाल महाराजांच्या नावाची जागा घेत नाही. ते शेजारी बसते. आणि फेब्रुवारीतील आपले एक नाव अजून फलकावर यायचे आहे, ते तू लिही, असेही तिला सांगते. १५ फेब्रुवारी १८५५ रोजी 'ज्ञानोदय'मध्ये एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे तिचे नाव, वय सुमारे चौदा, मांग समाजातील, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेल्या त्या निबंधाची तारीख आपल्याला ठाऊक आहे, कारण तो छापला गेला. मुक्ताच्या जन्माची तारीख आपल्याला मिळत नाही. तिच्या लेखणीची मिळते. जी मुलगी लिहिते, तिला इतिहास तारीख देतो.

येथे एक चिंता मांडणे अवश्य आहे. अमेरिकेत फेब्रुवारी महिन्यावर आज एक आक्षेप घेतला जातो : वर्षातील सर्वांत लहान महिना देऊन उरलेले अकरा महिने विसरण्याची सोय केली. वुडसन यांनाही वेगळ्या आठवड्याची गरज न उरावी, हीच इच्छा होती. आपल्या जयंत्यांबाबत हा प्रश्न आपणही विचारला पाहिजे. १४ एप्रिलला सुट्टी मिळाली, हा सन्मान आहे. पण सुट्टी मिळाली की अभ्यास सुटतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. मिरवणुकीस माझा विरोध नाही. ज्या रस्त्यावरून चालण्याची बंदी होती तेथून वाजतगाजत जाणे हा देखील इतिहासच आहे. पण मिरवणूक संध्याकाळी संपते. अनेक ठिकाणी आपली मुले जयंतीला अठरा तास बसून वाचन करतात, आणि वुडसन यांनी पाहिले असते तर त्यांना ते आपल्याच आठवड्याचे भावंड वाटले असते.

म्हणून १४ फेब्रुवारीला मी भाषण ठेवत नाही, घरचा अभ्यास देते. घरात किंवा शेजारी ज्या माणसाची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही, त्याच्याजवळ बसायचे आणि विचारायचे : तुझा जन्म केव्हाचा, ऋतू कोणता होता, त्या साली गावात काय घडले? मुले जी उत्तरे आणतात ती ऐकावीत. कोणाची आजी बाबासाहेब गेले त्या हिवाळ्यातली, म्हणजे १९५६ च्या डिसेंबरच्या आसपासची. कोणाचे काका किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा रांगत होते, म्हणजे १९९३ च्या आधीचे. कोणाचे आजोबा गावात वीज आली त्या वर्षीचे. मग वीज कधी आली हे शोधायला तो मुलगा ग्रामपंचायतीत जातो. एका मुलीने आणले की तिची आई ऊसतोडीला जाताना वाटेत झाली. गाव सांगता येत नाही, पण गाडीला बैल कोणते होते त्यांची नावे आजीला पाठ आहेत. ही सारी उत्तरे आम्ही एका जाड वहीत उतरवतो. एका पानावर एक माणूस. वर नाव, मग त्याने किंवा तिने सांगितलेले त्याच्याच बोलीतले वाक्य, आणि खाली विद्यार्थ्याने शोधून काढलेली शक्यतो जवळची तारीख.

हे काम तातडीचे आहे. ज्यांना आपला जन्म ऋतूने, पिकाने आणि दुष्काळाने आठवतो ती शेवटची पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. आजच्या मुलांजवळ जन्माचा दाखला असतो, आधार कार्ड असते, त्यांच्या तारखेची काळजी नाही. पण आजीचे ते एक वाक्य गेले की कोणत्याही तहसिलात त्याची नक्कल मिळणार नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनासाठी देशभरातून माणसे आपल्या शिरपूरला येतात, आणि मंदिराचा इतिहास सांगणारे जाणकार त्यांना भेटतात. त्याच गावच्या शेतांत निंदण-खुरपण करून ज्यांनी आपल्याला शाळेत घातले, त्यांचा इतिहास सांगणारे मात्र आपणच आहोत.

माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती आहे. तुम्ही पुण्या-मुंबईस असाल, नागपुरास असाल किंवा परदेशी. येत्या फेब्रुवारीपूर्वी एका रविवारी आईला, आजीला, चुलत्याला फोन लावा आणि त्यांच्या जन्माची हकिकत विचारा. ती त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहा, खाली आपले नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष टाका, आणि शाळेच्या पत्त्यावर इतिहास विभागाच्या नावे पाठवा. वहीचे पहिले पान माझ्या बाबांचे आहे : १७ सप्टेंबर १९४१. दुसऱ्या पानावर मायचे वाक्य आहे. तिसऱ्या पानापासून मुलांनी आणलेली माणसे आहेत. वहीची बरीच पाने अजून कोरी आहेत, आणि मी २०२९ च्या मे महिन्यापर्यंत शाळेत आहे.

जय भीम.